‘दमतीया’: अकरा आठवड्यांच्या बाळाच्या सर्दीचं एक प्रकरण

कोल्हापूरजवळच्या फुलेवाडीच्या पुढच्या एका गावातलं हे कुटुंब. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, आई घरी, आजी-आजोबा सोबत. मोठा मुलगा चार वर्षांचा, अंगणवाडीत जाणारा. धाकटी अकरा आठवड्यांची. छत्तीस आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मलेली, जन्माचं वजन दोन किलो सहाशे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. आजाराचा क्रम बदललेला नाही, कारण या प्रकरणात सगळा मुद्दा क्रमाचाच आहे.

बाळंतीण माहेरून गौरी-गणपतीला सासरी आली. पोरगी पहिल्यांदाच घरी येत होती, त्यामुळे चार घरची माणसं बघायला आली. हातातून हातात फिरली, पापे घेतले गेले. थोरल्याला त्याच दिवशी नाकातून पाणी सुरू झालं होतं. त्याला कोणी सर्दी म्हणालंसुद्धा नाही. अंगणवाडीतल्या पोराचं नाक वाहणं ही काय सांगायची गोष्ट? तो दिवसभर बहिणीच्या पाळण्याशी होता आणि तिच्या मुठीत स्वतःचं बोट देत होता.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, धाकटीला शिंका सुरू झाल्या. हा तिच्या आजाराचा पहिला दिवस.

शनिवारी सकाळी तिला माझ्याकडे आणलं. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, दवाखान्याबाहेर ढोल-ताशांचा सराव चालला होता. तपासणीत ताप नव्हता. श्वास मिनिटाला ४४. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वास, त्याहून लहान बाळात ही मर्यादा ६० ची. म्हणजे ४४ चांगला. छाती साफ, नाक चोंदलेलं, अंगावर नीट पीत होती. मी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब लिहून दिले, कुठलंही खोकल्याचं औषध देऊ नका असं सांगितलं आणि ‘साधी सर्दी आहे, काळजी करू नका’ म्हणून पाठवलं.

निदान बरोबर होतं, औषधही बरोबर. चूक पुढे झाली, म्हणून त्या दिवशी मी काय सांगितलं नाही ते लिहिते. आज दुसरा दिवस आहे आणि या वयात सर्दी छातीत उतरली तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ती सगळ्यांत जड होते, हे मी सांगितलं नाही. काय दिसलं तर रात्री दोन वाजताही निघायचं, हेही नाही. बाहेर बाकांवर वीस पेशंट होते आणि मिरवणुकीमुळे सगळ्यांनाच लवकर घरी जायचं होतं. हे कारण आहे, समर्थन नाही.

रविवारचा फोन

कोल्हापुरातली विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालते हे इथल्या माणसाला सांगायला नको. रविवारी दुपारी वडिलांचा फोन आला. पोरगी किरकिरते, घशात घुरघुरतंय, काय करू? मी विचारलं, ‘ताप आहे का?’ नाही म्हणाले. ‘खोकला?’ थोडा आहे. ‘मग थेंब चालू ठेवा, उद्या सकाळी आणा.’

फोनवर मागून आजींचा आवाज येत होता. ‘त्यास्नी सांग की, ओढायला बघतीया पन दमतीया. दोन घोट घेतीया आन् सोडतीया.’

मी ते ऐकलं. वडिलांनीही ऐकलं, पण मला पुन्हा सांगितलं नाही, कारण मी तापाबद्दल विचारत होते आणि ते माझ्या प्रश्नाचं उत्तर देत होते. अकरा आठवड्यांच्या बाळाला धाप लागली की ते पहिल्यांदा पिण्यात दिसतं. पिणं हाच या वयातला सगळ्यांत मोठा व्यायाम. मोठ्या माणसाला जिना चढताना दम लागला तर आपण लगेच कान टवकारतो. बाळ दोन घोट घेऊन सोडतं तेव्हा ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलेलं असतं. आजींनी त्या एका शब्दात निदान सांगितलं होतं.

पुढचे सोळा तास घरच्यांनी त्यांना सुचलं ते केलं. शेजारच्या मुलाची सर्दीची ड्रॉप्सची बाटली घरात आली. क्लोरफेनिरामाइन आणि फिनिलएफ्रिन ही तीच नेहमीची जोडगोळी. चार वर्षांखालच्या मुलांना हे मिश्रण देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापायचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला आहे. पण बाटली जुनी होती आणि खोकं हरवलेलं. थेंब दिल्यावर पोरगी झोपली, घरच्यांना बरं वाटलं. ती झोप औषधाची होती. झोपेत ती आणखी कमी प्याली.

रात्री शेजाऱ्यांचं नेब्युलायझरही आलं, त्यांच्या दमेकरी मुलाच्या सल्ब्युटामॉलसकट. पहाटे आजींनी न्हाणीघरातली लंगोटांची दोरी पाहिली. रोज सात-आठ वाळत असतात, त्या दिवशी दोन होते. त्यांनी मुलाला उठवलं आणि गाडी काढायला लावली.

सोमवार, चौथा दिवस

पावणेसातला दवाखान्यात आले. अंगावरचं झबलं काढल्यावर काही विचारावंच लागलं नाही. श्वास ६८. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या, मान श्वासासोबत हलत होती. पायाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के. नाडी १८८, त्यात रात्रीच्या सल्ब्युटामॉलचाही वाटा असावा. ताप काखेत जेमतेम १००. कानाला नळी लावल्यावर दोन्ही बाजूंना बारीक चरचर आणि शिट्टी. वजन चार किलो सातशे, म्हणजे शनिवारपेक्षा दीडशे ग्रॅम कमी.

ऑक्सिजन सुरू केला आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतून तिला बालकांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात हलवलं.

निदान ब्राँकिओलायटिस. फुप्फुसात शिरणाऱ्या हवेच्या अगदी शेवटच्या, मिलिमीटरभर रुंदीच्या नळ्यांना आलेली सूज. विषाणू त्या नळ्यांचं अस्तर खातो, मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव मिळून आत बुच बसतं. नळीची त्रिज्या निम्मी झाली की संथ वाहणारी हवा तेवढ्याच प्रमाणात ढकलायला सोळापट जोर लागतो. सुजेचा तोच एक पापुद्रा थोरल्याच्या रुंद नळीत कुणाच्या लक्षातही येत नाही आणि धाकटीची वाट बंद करतो. त्यात पहिले काही महिने बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलेलं असताना तोंडात स्तन घेणं म्हणजे एकाच दारातून आत-बाहेर दोन्ही करणं.

इतर लहान बाळांपासून वेगळं ठेवायचं की नाही हे ठरवण्यासाठी तिथे नाकातला स्राव तपासला. आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) हा श्वसनमार्गाचा विषाणू निघाला, सोबत ऱ्हायनोव्हायरसही. ऱ्हायनोव्हायरस म्हणजे सर्दीचा सगळ्यांत नेहमीचा विषाणू. त्याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, म्हणून एक सर्दी झाली की पुढची होणार नाही असं कधीच होत नाही. अंगणवाडीतल्या मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच. ‘याची प्रतिकारशक्ती कमी आहे का’ असं आई विचारते तेव्हा मी उलट विचारते, मधल्या काळात वजन वाढतंय का, खेळतोय का? बहुतेक वेळा तेवढ्यावर प्रश्न मिटतो.

आरएसव्हीचं तसं नाही. १९५६ साली तो पहिल्यांदा सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, आणि वर्षभरातच आजारी बाळांमध्येही मिळाला. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल त्याला एकदा तरी भेटतं. बहुतेकांना नुसती सर्दी होते. जड जातो तो पहिल्या सहा महिन्यांत, आणि त्यातही थोड्या आधी जन्मलेल्या बाळांना. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाकडे जातात ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. ही पोरगी ती शिदोरी अर्धवट घेऊनच आली होती.

घरात आला कुठून, हा प्रश्न वडिलांनी तीनदा विचारला. थोरल्याकडून, बहुधा. आरएसव्ही शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार ते सहा दिवस जातात, आणि गौरी आल्या तेव्हापासून मोजलं तर हिशोब जुळतो. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला नेहमी आठवतो. आरएसव्ही झालेल्या बाळांजवळ काही प्रौढ स्वयंसेवकांना वेगवेगळ्या तऱ्हेने ठेवलं होतं. बाळाला उचलून कुशीत घेणाऱ्या ७ पैकी ५ जणांना लागण झाली. बाळ नसताना त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून मग स्वतःच्या नाका-डोळ्यांना लावणाऱ्या १० पैकी ४ जणांना झाली. सहा फुटांपलीकडे नुसत्या बसलेल्या १४ पैकी एकालाही नाही. म्हणजे हा विषाणू मुख्यतः हातांनी आणि जवळिकीने जातो. पाळण्याच्या कठड्यावर तो काही तास टिकतो. चार वर्षांच्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याने बहिणीला बोट दिलं होतं, आणि ते मी त्याच्या आजोबांसमोर स्पष्ट बोलले, कारण घरात त्याला ‘तुझ्यामुळं’ असं म्हटलं गेल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

न केलेले उपचार

वॉर्डातले पुढचे तीन दिवस घरच्यांना सगळ्यांत जड गेले, कारण त्यांना काही होताना दिसत नव्हतं. नाक साफ करणं, ऑक्सिजन, नळीतून दूध, आणि वाट बघणं. बाळाचे काका पुण्याहून आले होते. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, ‘मॅडम, अँटिबायोटिक का सुरू करत नाही? एक्स-रेमध्ये डाग दिसतोय म्हणे.’

डाग होता. उजव्या बाजूला वर. एखादी नळी बुचाने बंद झाली की तिच्या पुढचा फुप्फुसाचा तुकडा आकसतो आणि फिल्मवर न्यूमोनियासारखाच दिसतो. म्हणूनच ब्राँकिओलायटिसचं चित्र सरळ असेल तर एक्स-रे काढूच नये असं मला वाटतं. तो काढला की डाग दिसतो, आणि डाग दिसला की सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू होतं. अँटिबायोटिक जंतूंवर चालतं, विषाणूवर नाही. ताप १००.४ च्या वर गेला असता तर या वयात लघवी आणि रक्त तपासून वेगळा विचार करावाच लागला असता. तसा तो गेला नाही. मी काकांना हे सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा सांगत होता की पटलं नाही. तरी त्यांनी वॉर्डातल्या डॉक्टरांवर दबाव आणला नाही, याचे मी आभार मानते.

नेब्युलायझरबद्दलही तेच. दम्यात नळीभोवतीचा स्नायू आवळलेला असतो आणि सल्ब्युटामॉल तो सैल करतं. इथे नळी आतून बुजलेली आहे, सैल करायला काही नाही. स्टेरॉइडचाही उपयोग दिसलेला नाही. अनेक देशांच्या मार्गदर्शक सूचना वर्षानुवर्षं हेच सांगतात, तरी आपल्याकडे प्रत्येक घुरघुरीला नेब्युलायझर लागतं. कारण ते दिसतं, आवाज करतं, वाफ सोडतं, आणि कोणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं. आई-बापाची ही गरज खरी आहे. ती भागवायला मी दुसरं काम देते. आईला मी वाटीत दूध काढायला बसवलं.

ते काम फार मोठं होतं. दर दोन तासांनी ३५ ते ४० मिलिलिटर दूध नाकातल्या नळीतून, तेही हळूहळू, कारण भरलेलं पोट छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं. सोमवारी संध्याकाळी तिची तब्येत आणखी खाली आली. श्वास ७४, आणि मध्ये आठ-दहा सेकंद श्वास थांबायचा. लहान बाळांत आरएसव्हीची ही सगळ्यांत भीतीदायक चाल आहे, दमलेलं बाळ श्वास घ्यायचंच विसरतं. तिथल्या सहकाऱ्यांनी हाय फ्लो सुरू केला. गरम, दमट केलेली हवा आणि ऑक्सिजन मिनिटाला नऊ-साडेनऊ लिटरने नाकात सोडायचं, म्हणजे नळ्या थोड्या उघड्या राहतात आणि बाळाची मेहनत वाचते. व्हेंटिलेटर खाटेशेजारी तयार ठेवला होता. लागला नाही.

बुधवारी सकाळी, सहाव्या दिवशी, श्वास ५६ वर आला आणि तिने स्वतः सहा मिनिटं ओढलं. आजी वॉर्डाच्या दारातून बोटं मोजत होत्या, घोटांची.

शुक्रवारी रात्रभर झोपेतही ऑक्सिजनशिवाय ९४-९५ टिकलं. शनिवारी घरी. खोकल्याची ढास पुढे दोन आठवडे राहिली, ती राहतेच.

घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी मी आजींसोबत अर्धा तास बसले. त्यांच्या पिढीने पोरं वाढवताना जे शिकलं त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे त्यांना खाली न दाखवता बोलायचं होतं. ओव्याची कोमट पुरचुंडी छातीजवळ धरणं ठीक, फक्त चटका बसेल इतकी गरम नको. बाळाला जवळ घेऊन, डोकं थोडं उंच धरून बसणं उत्तमच. पण ओवा-लसणीची धुरी बंद. न्हाणीघरातला पाण्याचा बंब उसाच्या चिपाडांवर पेटतो आणि त्याचा धूर खोलीत येतो, तोही. सुजलेल्या नळीला धूर म्हणजे दुसरा आजार. गळीत हंगाम सुरू झाला की शिवारात पाचट पेटतं, तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या, असंही सांगितलं. नाकात तेल सोडायचं नाही, ते श्वासाबरोबर छातीत उतरतं. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्याला ते झेपत नाहीत. मधाचं ऐकून आजी जरा गप्प झाल्या. बाराव्या दिवशी सोन्याच्या अंगठीने त्यांनीच मध चाटवला होता.

सर्दीच्या बाटल्यांबद्दल पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचा सल्ला आला. मध्य प्रदेशात विषारी कफ सिरपने मुलं दगावल्यानंतर. दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. घरातल्या जुन्या बाटल्या आजोबांनी गटारात ओतल्या.

आईचा प्रश्न वेगळा होता. ‘मॅडम, सगळ्या लसी वेळेवर घेतल्यात, मग कसं झालं?’ प्रश्न योग्य आहे. पेंटाव्हॅलंटमधली हिब आणि २०२१ पासून देशभर मोफत मिळणारी पीसीव्ही न्यूमोनियाच्या जंतूंपासून वाचवतात, आणि त्यांच्यामुळे किती मुलं माझ्यापर्यंत येतच नाहीत हे मी रोज अनुभवते. आरएसव्ही विषाणू आहे, त्या लसींच्या कक्षेबाहेरचा. त्याच्यासाठी गरोदर आईला द्यायची लस आणि बाळाला द्यायचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दोन्ही अमेरिका आणि युरोपात २०२३ पासून वापरात आहेत. आपल्या सरकारी लसीकरणात ती अजून नाहीत. यायला हवीत, आणि पहिल्यांदा आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांपर्यंत पोचायला हवीत.

माझ्या दवाखान्यात एक बदल झाला. सहा महिन्यांखालच्या प्रत्येक सर्दीच्या चिठ्ठीवर मी आता वरच्या कोपऱ्यात लिहिते, ‘आज आजाराचा कितवा दिवस’, आणि खाली तिसरा, चौथा आणि पाचवा दिवस कुठल्या वारी येतो ते. फोन आला तर तापाच्या आधी दोन गोष्टी विचारते. काल नेहमीच्या निम्मं तरी दूध गेलं का? बारा तासांत लंगोट ओला झाला का? मग झबलं वर करून पोटाचा आणि छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागवते. आणि फोन शेवटी बाळाजवळ जी बाई बसलेली असते तिच्याकडे द्यायला सांगते. श्वास मोजायचे ते बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून. हे आजींना मी वॉर्डातच शिकवलं होतं. त्यांना आकडे लिहिता येत नाहीत, मोजता येतात.

चौदाव्या आठवड्याची लस नवरात्रात झाली. पोरगी पाच किलो शंभर. आजींना अंबाबाईला पाळणा दाखवायचा होता, मी म्हटलं दसऱ्याची गर्दी ओसरू द्या. ठीक म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी थोरल्याला पुन्हा सर्दी झाली. त्याची गादी आजोबांच्या खोलीत गेली, दारात साबणाची वडी आणि तांब्या आला. चौथ्या दिवशी धाकटीला शिंक आली तेव्हा फोन वडिलांनी लावला, पण बोलल्या आजी.

‘चव्वेचाळीस. निजल्यावर मोजलंय. खळगा न्हाई. लंगोट सहा. अंगावर नीट पितीया, दमत न्हाई.’ मग थोडं थांबून, ‘आज पैला दिवस हाय. सोमवारी परत मोजून सांगतो.’